मागची सीट

पंजाबरावांना गाडीतलं सगळं कळतं, असं सगळं गाव म्हणे, आणि पंजाबरावही ते खरं मानून बसले होते. अठरा वर्षं एकच व्हॅन. इंजिन जरा खोकलं की यांचे कान टवकारलेच. पण या माणसाने अठरा वर्षांत आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर एकदाही बूड टेकलं नव्हतं. चालवणारा मागे कशाला बसेल?

अचलपूरजवळ त्यांचा भाजीचा मळा. पहाटे टमाटे, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं भरायचं आणि पन्नास किलोमीटरवर अमरावतीच्या बाजारात न्यायचं. शेजारच्या सीटवर थोरले भाऊ भगवंतराव. अडत्याशी बोलायचं काम त्यांचं, आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. मधल्या जागेत क्रेट, आणि सगळ्यात मागे, थेट चाकावर आलेली एक अरुंद सीट. तिच्यावर सहसा कुणी बसत नसे.

पावसाळ्यात पंजाबरावांच्या बायकोला, पार्बताबाईंना, गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. अमरावतीच्या डॉक्टरांनी रेडिएशनचे पंचवीस शेक सांगितले. शनिवार-रविवार सोडून रोज एक, खंड पाडायचा नाही. गाडी तर रोज जातेच, तेव्हा भाजीसोबत पार्बताबाईही जाऊ लागल्या. आता भासऱ्यादेखत, म्हणजे थोरल्या दिरादेखत, भावजय पुढे कशी बसेल? आणि भासऱ्याला मागे बस असं कोण म्हणेल? हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही. पार्बताबाई डोक्यावर पदर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

नेमका त्याच आठवड्यात टमाट्याचा तोडा वाढला. गाडी मागून बसू लागली. आमच्याकडे अशा वेळी सगळे जे करतात तेच पंजाबरावांनी केलं. मागच्या चाकांवरच्या कमानीत पोलादाचा एक पाटा वाढवून घेतला. गाडी ताठ उभी राहिली आणि आपण मोठं शहाणपण केलं असं त्यांना वाटलं. टमाटे मात्र फुटायला लागले. अडत्याने दोनदा तोंड वाकडं केलं, तेव्हा पंजाबरावांनी सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पोत्यांत भरून क्रेटांखाली अंथरलं. टमाट्यांना गादी मिळाली. चीड यावी अशीच ही गोष्ट आहे, पण घडली ती अशी.

अकरा शेक झाल्यावर एका संध्याकाळी पार्बताबाई म्हणाल्या, "मी नाई येत उद्यापासून."

"काहून?"

"नाई येत म्हनलं ना."

यापलीकडे एक शब्द नाही. पंजाबराव चिडले, मग गयावया केली, दोन दिवस जेवले नाहीत. अकोल्याला जुन्या शहरात दिलेली मुलगी रागिणी येऊन रडून गेली. पार्बताबाई खाली मान घालून भाजी निवडत राहिल्या. तिने हाय खाल्ली, असं भगवंतराव म्हणाले, आणि घरात तेच खरं ठरलं. दसरा गेला, दिवाळी गेली.

दिवाळीनंतर गाडी मागून उड्याच मारायला लागली. मागचे टायर ठिकठिकाणी खाल्ल्यासारखे झाले, तेव्हा कुठे पंजाबरावांनी ती परतवाड्याला उत्तमराव मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री खाली शिरले. दोन्ही शॉकअपवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा काळा थर बसला होता.

"हे तर कवाचेच मेले," मिस्त्री खालूनच म्हणाले. "अन् हा पाटा कोनं वाढवला?"

"म्याच. माल जास्ती होता."

"भाऊ, पाटा वजन उचलते, उडी नाई थांबवत. उडी शॉकअप थांबवते. शॉकअप मेलेले अन् वरून पाटा कडक, म्हनजे खड्डा सरळ मागच्याच्या कंबरेत." मिस्त्री हात पुसत बाहेर आले. "आवाज कोन्या बाजूचा हाये ते पाहू. मी चालवतो. तुमी मागं बसजा अन् सांगजा."

पंजाबराव मागे बसले. गाडी अचलपूरच्या रस्त्याला लागली.

पहिल्या खड्ड्याला त्यांचे दात दातांवर आपटले. दुसऱ्याला कंबरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी रिकामी होती, म्हणून जास्तच उडत होती. दवाखान्यातून परतताना ती रोज रिकामीच असे, हे त्यांना आठवलं. तिसऱ्या खड्ड्याला आधार शोधताना त्यांच्या हाताला एक पट्टी लागली. जुन्या लुगड्याची, पीळ घालून वरच्या दांडीला घट्ट बांधलेली. ही पट्टी त्यांनी अनेकदा पाहिली होती आणि क्रेट बांधायची असेल म्हणून सोडून दिली होती. आता त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि खड्डा आला तसे ते सीटवरून उचलले गेले. तेव्हा त्यांना कळलं. पार्बता या पट्टीला लटकत होती. शेकाने आतून पोळलेलं अंग सीटला लागू नये म्हणून अकरा दिवस, जाता आणि येता, ती हातांवर लटकत होती. पुढे भासरा बसलेला, म्हणून तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं.

"मिस्त्री, थांबवा गाडी."

"आवाज कोन्या बाजूचा हाये?"

"थांबवा म्हन्तो ना."

ते खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. मिस्त्रींना वाटलं, उलटी होतेय. उलटी झाली नाही. पंजाबरावांना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

दुकानात मिस्त्रींनी शॉकअपच्या दोन जोड्या पुढे ठेवल्या. एक गॅसची, कडक, माल वाहणाऱ्यांची. दुसरी साधी, गाडीसोबत येते तशी, नरम.

"तुमाले कडकच लागन," मिस्त्री म्हणाले. "नरम घातली तर एवढा माल नाई भरता येनार."

"नरमच घाला. अन् तो पाटा काढा."

"अन् टमाटे?"

"कमी भरीन."

दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलले, पाटा निघाला. पंजाबरावांनी पुन्हा मागे बसून एक चक्कर मारली. खड्डा आला की गाडी एकदा खाली जाई, वर येई आणि शांत होई. एवढ्याशा कामाला किती दिवस लावले, असं म्हणत ते घरापर्यंत स्वतःला शिव्या देत आले.

घरी आल्यावर आधी भावाला गाठलं. "दादा, उद्या पार्बताले दवाखान्यात नेतो. समोर बसन."

पंजाबरावांनी पट्टीचं सगळं सांगितलं.

"तिनं सांगतलं काहून नाई?" भगवंतराव म्हणाले.

"तुमच्यासमोर?"

भगवंतरावांची मान खाली गेली. ते म्हणाले, "मी यष्टीनं जातो बाजारात."

पार्बताबाई आधी तयार होईनात. मग पंजाबरावांनी त्यांना अंगणात उभ्या गाडीत बसवलं, मागून जोर लावून गाडी दाबून दाखवली. सकाळी त्या पातळ बदलून दाराशी उभ्या होत्या. समोरच्या सीटवर, अंगाखाली घडी केलेली गोधडी. पंजाबराव मुद्दाम खड्ड्यांपाशी त्यांच्याकडे बघत होते. वलगावच्या पुढे पार्बताबाईंचा डोळा लागला.

डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा फोटो काढला आणि पंजाबरावांना एकट्याला आत बोलावलं. "मध्ये अडीच महिने गेले. आजार हाडांपर्यंत पोहोचलाय. राहिलेल्या शेकांनी आता बरं होणार नाही, त्यांना फक्त त्रास होईल. दुखणं कमी व्हायच्या गोळ्या देतो. पुन्हा इतक्या लांब आणू नका."

पंजाबराव बाहेर आले. गोळ्यांची पिशवी त्यांनी गाडीत सीटखाली सरकवली.

शहर मागे पडल्यावर पार्बताबाईंनी डोक्यावरचा पदर थोडा मागे घेतला. चेहरा ओढलेला होता, पण कित्येक दिवसांनी त्या बाहेर बघत होत्या.

"आज बसवलं बाप्पा मले," त्या म्हणाल्या. "मी उगीच खंड पाडला. चौदा राह्यले ना? आता रोज येईन मी."

समोर खड्डा होता. पंजाबरावांनी गिअर खाली घेतला, गाडी अलगद पलीकडे काढली.

"व्हय," ते म्हणाले. "रोज येऊ."

आणि गाडी हळूच चालवत राहिले. घाई करावी असं आता काही उरलं नव्हतं.