चांदमारीच्या फाटकाबाहेर

रंगपंचमीच्या दुपारी अभयचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. मला वाटलं, जेवायला येतोय म्हणून सांगत असेल. "ताई, सारिका पडली..." एवढंच तो बोलला. सारिका त्याची बायको. पोलिसात होती आणि सकाळपासून राजवाड्यापाशी गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, बंदोबस्ताला उभी होती. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या खाकीवर गुलाबी-हिरवा रंग तसाच होता आणि डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल काहीतरी समजावत होते. माझ्या डोक्यात काही शिरेना. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली. आता काही आठवडे होऊन गेलेत, पण माझा राग जात नाही. बंदुकीच्या नोकरीपायी जिची काळजी करत आमच्या घरानं इतकी वर्षं काढली, ती रंग खेळणाऱ्या गर्दीत उभ्या उभ्या कोसळावी... हे मला अजून पटत नाही.

आमचं घर अन्नपूर्णा भागातलं. पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पुरावा म्हणून भिंतीवर एक तलवार आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं, मग वर्षभर धूळ. नंतरच्या पिढ्यांनी कारकुनी केली, मास्तरकी केली; मी स्वतः राऊच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सारिका लग्न होऊन आली आणि पहिल्याच दसऱ्याला तलवारीवर अंगठा फिरवून माझ्या वडिलांना म्हणाली, "बाबा, हिला धार कुठाय? नुसती हळदच आहे." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी झाली आणि मला, खरं सांगते, थोडी धास्ती वाटू लागली.

ती पोलिसांच्या सशस्त्र पथकात होती. गार्गी झाली, रजा संपली, आणि पथकात परत यायचं तर चाचणी पुन्हा द्यावी लागेल असं कळलं. बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट घालून धावायचं आणि धाप लागलेली असतानाच उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि पालथं झोपून नेम साधायचा. नापास झाली तर नाव कटणार आणि आवक-जावकच्या टेबलावर बदली. "टेबलावर बसायचं असतं तर मी बँकेची परीक्षा दिली नसती का?" ती म्हणायची. तिच्यासाठी प्रश्न पगाराचा नव्हता. ते पथक तिनं स्वतःच्या अंगाच्या जोरावर मिळवलं होतं, आणि तेच अंग आता तिला परकं झालं होतं. टाके दुखायचे, कंबर धरायची, रात्रीची झोप नाही. गार्गी आठ महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती.

जॅकेट घरी आणता येत नसे. मग सारिकानं अभयच्या जुन्या जीनच्या जॅकेटला पुढून-मागून मोठे खिसे शिवले आणि त्यात तुरीच्या डाळीच्या पिशव्या भरल्या. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, हातात फरशी पुसायचा वायपर. भर मे महिन्यात ती गच्चीवर धावायची, धपकन पालथी पडायची, वायपर खांद्याला लावून पाण्याच्या टाकीवर नेम धरायची. शेजारचे जोशीकाका गच्चीवर पापड राखत बसलेले असत. "भिया, तुमची बायको कुणाला उडवणार आहे?" ते अभयला विचारायचे. आम्ही हसायचो. पण खाली आल्यावर तिचा चेहरा पाहिला की हसू मावळायचं. मानेवर पट्ट्यांचे लाल वळ, ओठ सुकलेले. ओझ्यानं छाती फुगत नाही, श्वास पोटात न्यावा लागतो, असं तिनं एकदा मला गार्गीला पाजता पाजता सांगितलं होतं.

चाचणीच्या दिवशी मी आणि अभय गार्गीला घेऊन चांदमारीच्या, म्हणजे गोळीबाराच्या मैदानाच्या, फाटकाबाहेर गाडीत बसलो होतो. आत जायची परवानगी नव्हती; दिसायचं काही नाही, फक्त ऐकू यायचं. सकाळीच ऊन भाजत होतं. तिच्या तुकडीची पाळी आली तशी अभयनं काच खाली केली. गोळ्यांचे आवाज सुरू झाले, मधेच थांबले, मग एक सुटा आवाज, पुन्हा शांतता. मला त्यातलं काही कळत नाही, तरी काहीतरी बिनसलंय हे कळलं. अभयनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. गार्गी भुकेनं रडायला लागली आणि बाटली तोंडात घेईना.

थोड्या वेळानं सारिका फाटकातून जवळजवळ धावतच आली. जॅकेट आत काढून ठेवलं होतं. खाकी शर्ट घामानं अंगाला चिकटला होता आणि छातीवर दुधाचे दोन ओले डाग पसरले होते. फाटकावरच्या शिपायानं मान दुसरीकडे वळवली.

"गेलं, ताई, सगळं गेलं," ती मागच्या सीटवर बसत म्हणाली. मी खिडकीला ओढणी लावली, अभय बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. "दाळ नरम असते ना! वायपर मस्त बसायचा खांद्यात. इथे जॅकेटची प्लेट एकदम कडक. बंदुकीचा बट टेकवला की फिसलून दंडावर येतो. आणि छाती अशी भरलेली... प्लेट बसतच नाही, वर सरकून हनुवटीला लागते. झोपून फायर करताना मागून जॅकेटच्या कॉलरनं हेल्मेट ढकललं, डोळ्यांवर आलं. काय दिसणार?"

"मग आता?"

"आमचे शिकवणारे उस्तादजी म्हणाले, दुसरी तुकडी होईपर्यंत आ जाओ, एक चान्स और है।"

गार्गी अधाशासारखी पीत होती. सारिकानं डोकं मागे टेकलं, डोळे मिटले, आणि तिचा उजवा हात मात्र हलत राहिला. नसलेली बंदूक खांद्यावरून आत, गळ्याच्या दिशेनं सरकवत होती. कोपर खाली, छाती सरळ समोर. "तिरपं उभं राहायची सवय मोडायला पाहिजे," ती स्वतःशीच पुटपुटली. मी तिला म्हणणार होते की राहू दे, पोरी, टेबल काय वाईट असतं... पण माझ्या तोंडून आलं ते वेगळंच. "दुसऱ्या बाजूनंही पाजून जा. पूर्ण रिकामी होऊन जा." तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि गार्गीला फिरवून घेतलं.

ती आत गेली. मग आवाज सुरू झाले. एक, थोडी उसंत, पुन्हा एक... एका लयीत, कुणी न घाबरता पायऱ्या चढावं तसे. अभय बोनेटला टेकून रडत होता आणि मला ते दिसू नये म्हणून पाठ करून उभा होता. गार्गी माझ्या खांद्यावर झोपली होती. सारिका बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्याच्या हाडाजवळ काळंनिळं झालं होतं. "जागा सापडली, ताई," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसताक्षणी झोपी गेली. ती पथकात राहिली. पुढे स्वतः उस्ताद झाली, नव्या मुलींना शिकवू लागली. कामाचं घरी फारसं बोलत नसे.

मागच्या आठवड्यात तिचं सामान आणायला अभयबरोबर मी पहिल्यांदाच त्या फाटकाच्या आत गेले. अभय साहेबांकडे सह्या करत होता. एका हवालदारानं मला पलीकडच्या एका लहानशा खोलीत बसवलं. "पहिले यहाँ फटे टार्गेट रखते थे," तो म्हणाला, "मॅडमनी भांडून भांडून रिकामी करवून घेतली." आत एक आरामखुर्ची, माठ, पंखा, धुतलेल्या पंच्यांची घडी. दाराला आतून नवी, जाड कडी. सारिकानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी त्या खुर्चीत बसले आणि तिच्या मरणानंतर पहिल्यांदा मोकळी रडले.

दारावर टकटक झाली. बाहेर एक तरुण शिपाई मुलगी उभी होती, घामानं निथळणारी, जॅकेटच्या पट्ट्या अर्ध्या सुटलेल्या. तिच्या मागे एक म्हातारी बाई, कडेवर किरकिरणारं लेकरू.

"आंटीजी, तुमचं झालं असेल तर... माझी फायरिंगची पाळी येईल आता, त्याच्या आधी पाजून घेते," ती संकोचून म्हणाली.

मी घाईघाईनं उठले, डोळे पुसले आणि त्यांना वाट करून दिली. माझ्या मागे आतून कडी लागली.