दोघींच्या पाठीवर एकच नंबर

"तुमच्यात पुरुष कोण?" माझ्या धाकट्या बहिणीला हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आताशा कंटाळा येत नाही, सरळ राग येतो. अहो, तुमच्या घरात शहाणं कोण, असं आम्ही कधी विचारतो का?

धाकटी बसच्या गॅरेजात ब्रेकचं काम करते. दंड असे भरलेले, की तिच्या बाह्या मला नेहमी सैल बेताव्या लागतात. तिची जोडीदार दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. एवढीशी, म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणतो. पण तिने आवाज चढवला की खुर्चीतला पेशंट आपोआप आ करतो. मी शिवणकाम करते. खाली दुकान, वर मी आणि आई, मध्ये जिना.

त्या जिन्यावर आईचा कायदा चालायचा. धाकटीने वर यायचं, पण एकटीने. चिमणीने फक्त दुकानापर्यंत. धाकटीही शेवटी तिचीच लेक. "मग मीही दुकानापर्यंतच," म्हणाली आणि फिरून वर पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून दोघी खाली माझ्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून चहा पितात आणि वरून आईच्या काठीची टकटक चालू असते. म्हणजे काय, तर मला सगळं ऐकू येतंय हं.

दोघींची गाठ पडली ती नाचाच्या वर्गात. जोडीच्या नाचात एकाने चालवायचं असतं, दुसऱ्याने चालायचं. चालवणारा पुढे पाऊल टाकतो, दुसरी मागे सरते. वर्गात पुरुष मोजकेच, बायका ढीगभर. उरलेल्या बायका भिंतीशी खुर्च्या उबवत बसायच्या. एकदा मास्तरांनी वैतागून या दोघींना समोरासमोर उभं केलं. संगीत लागलं आणि दोघीही मागे सरल्या! वर्षानुवर्षं तेवढंच शिकलेल्या, दुसरं करणार काय? हात ताणले, मधे ही भली मोठी फट. पुन्हा संगीत, पुन्हा दोघी मागेच. मास्तरांनी कपाळावर हात मारला. चिमणी हसता हसता खाली बसली, आणि धाकटी म्हणते, "तिथेच मी कामातून गेले."

मग त्यांनी स्वतःची तऱ्हा काढली. अर्धा नाच हिने चालवायचा, अर्धा तिने. मधल्या एका गिरकीत हात बदलायचे. इतकं अलगद, की मीसुद्धा कितीदा फसले आहे.

टीव्हीवर जोड्यांच्या नाचाची स्पर्धा निघाली, दोघींनी नाव दिलं आणि चक्क निवडल्या गेल्या. मी आनंदाने दुकानभर नाचले. पण मग कपडे ठरवायला कार्यक्रमाची बाई आली. बोलणं असं, की जिभेवर साखर ठेवलेली.

"प्रेक्षकांचा गोंधळ नको व्हायला," ती धाकटीकडे बोट करून म्हणाली. "यांनी कोट घालायचा आणि शेवटपर्यंत यांनीच चालवायचं. नंबर चालवणाऱ्याच्या पाठीवर असतो, तो एकच मिळेल. मध्ये अदलाबदल केली तर नियमाने बाद. आणि आपण मैत्रिणी म्हणू या, काय?"

"मग आम्हाला घेतलंत कशाला?" धाकटीने विचारलं.

"काहीतरी वेगळं हवं होतं ना!"

"वेगळं हवं, पण सगळ्यांसारखं दिसणारं," चिमणी म्हणाली.

बाई गेली आणि दोघींची जुंपली. चिमणी म्हणत होती, "घाल ना कोट. निदान एकत्र दिसू तरी. बाद झालो की एवढी मेहनत पाण्यात."

"कोटाला माझी कुठे ना आहे? कोट झकास दिसतो मला. पण तू माझ्यापुढे नुसती मागे सरत राहायचं, तेही सगळ्या जगासमोर? आणि वर मैत्रीण म्हणवून घ्यायचं? मग आपला जिन्याखालचा चहा काय वाईट होता?"

चिमणी नाक पुसून म्हणाली, "चल तर मग. होऊ बाद."

मी मशीनवर बसले. कोट बाईला हवा होता तसाच शिवला. खरी कारागिरी केली ती चिमणीच्या निळ्या झग्यात. पाठीवर त्याच कापडाची एक झडप, टिचबटणांवर बसवलेली. आणि झडपेखाली तोच नंबर, पांढऱ्या कापडाचा, माझ्या हाताने टाचलेला. वरून टकटक झाली. "एवढं काय शिवतेस गं?" आई ओरडली.

"शिवत नाही, उसवतेय," मी म्हटलं. "एक नियम."

रविवारी दुपारी कार्यक्रम थेट दाखवणार होते. मी स्टुडिओत गेले नाही. खोटं कशाला बोलू, मला आईचं तोंड बघायचं होतं. "असली थेरं मी बघत नसते," असं सकाळपासून म्हणणारी आमची आई चष्मा पुसून सगळ्यात आधी टीव्हीसमोर हजर!

सुरुवातीला धाकटी चालवत होती, नंबर तिच्या पाठीवर. मग ती गिरकी आली. चिमणीचा हात पाठीमागे गेला, झडप उघडली आणि तिच्या पाठीवर तोच नंबर लख्ख दिसला. ती पुढे आली. आणि माझी दणकट, कुणाच्या बापाचं न ऐकणारी बहीण डोळे मिटून मागे सरायला लागली, कुठे जातेय तेही न बघता. मला रडूच फुटलं. आई काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे वाकली होती.

नाच संपला. निवेदक दात काढत म्हणाला, "सगळ्यांना एकच उत्सुकता आहे, तुमच्यात पुरुष कोण?"

"कुणीच नाही," धाकटी धापा टाकत म्हणाली. "म्हणूनच तर आम्ही एकत्र आहोत. ही माझी जोडीदार. इथली आणि घरातलीही."

परीक्षकांनी माना हलवल्या. नियम तो नियम. जोडी बाद.

धाडकन काठी आपटली. "बाद? माझ्या पोरींना बाद करणारे हे कोण टिकोजीराव लागून गेले? पाऊल चुकलं का त्यांचं? ताल चुकला?"

माझाही तोल सुटला. "तू नाही केलंस बाद, आई? इतकी वर्षं, या जिन्यात?"

आईने चष्मा काढून पदराला पुसला. पण हार मानेल ती आई कसली! "मी आई आहे," ती म्हणाली. "हे मेले कोण? पोरींना फोन लाव. म्हणावं, तडक इकडे या."

दोघी तोंडावरच्या रंगासकट तशाच दुकानात आल्या. सवयीने गठ्ठ्यांकडे वळल्या, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर आई उभी.

"वर या," ती म्हणाली.

धाकटीने चिमणीकडे बघितलं आणि वाट द्यायला मागे सरली. "तू जा आधी."

"नाही, तू," म्हणत चिमणीही मागे सरली, ती थेट माझ्या इस्त्रीच्या टेबलाला धडकली. दोघी मागे, जिना मोकळा.

"अगं, मागे काय सरताय?" वरून आई कडाडली. "जिना काय एकीपुरता बांधलाय?"