एकाआड एक प्रकरण

रत्नागिरी-नाटे एसटीत शेजारी बसलेला खलाशी आमच्या गुप्तहेर-मालिकेतली नवी कादंबरी वाचत होता. लेखक आम्ही दोघं. विषम प्रकरणं माझी, सम मित्राची, आणि गुप्तहेर भाऊबंदांच्या फणसासारखा सामायिक. खलाशी बोटाला थुंकी लावून पानं उलटायचा आणि पहिलं, तिसरं, पाचवं असं एकाआड एक प्रकरण न वाचता दुमडून टाकायचा. न राहवून मी कारण विचारलं.

“दोघं मिळून लिवतात हो, पण येतं एकालाच. दुसऱ्याचं दरवेळी सोडतो मी. तरी खुनी गावतो.”

उतरताना त्यानं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. “घ्या, वाचा. दुमडलेलं सोडा मात्र.”

वाचकाचं ऐकावं, या मताचा मी आहे. पुढच्या कादंबरीला बसलो तेव्हा सम प्रकरणं मी आधीच मागून घेतली.