सायकलवाल्यांचा हुडकेश्वरचा मुक्काम

मुलांनो, पुढच्या आठवड्यात नरखेडच्या मोठ्या आजी तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणार आहेत. सायकलच्या सीटची गोष्ट त्या सांगणारच, आणि त्यांच्या सांगण्यात चूक माझी निघते. म्हणून त्याआधी मी लिहून पाठवते आहे.

जबलपूरहून हैदराबादला आम्ही दहा-बारा जण सायकलने निघालो होतो, सगळे निवृत्त. नागपूरला एक दिवस विश्रांती होती आणि मुक्काम हुडकेश्वरला, आपल्याच घरी. आमचे म्होरके रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांचा नियम एकच होता. पहाटे साडेपाचला निघायचं. जो तयार नसेल त्याने तिथूनच घरी जावं. वाटेत दोघे असे घरी गेलेही होते.

विश्रांतीच्या दिवशी सकाळी जर्सी धुतल्या गेल्या. एक जण भिंतीला पाय टेकवून उताणे पडले, ते जेवायलाच उठले. बाकीच्यांनी अंगणात सायकली पुसल्या, चेनला तेल दिलं. मी स्वयंपाकघरात होते. मोठ्या आजी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, सकाळच्या एसटीने संत्र्यांची थैली घेऊन आल्या होत्या. आम्ही दोघींनी वडाभात केला. जबलपूरची मंडळी तिखटाबद्दल काही बोलली नाहीत. ती पाणी पीत राहिली.

दुपारी भांडी पुसताना जाऊबाई म्हणाल्या, "झालं ना आता? नागपूर आलं. उतर इथंच."

"हैदराबाद अजून आलं नाही, ताई."

"कोन बसलं वं तिथं तुह्यासाठी खोळंबून?"

"कोणी नाही."

"मंग काहून जाऊन राहिली? ट्रकवाल्याले का माहीत, हे आजी हाय म्हनून?"

"मागे लाल दिवा आहे."

"दिव्यावर लिवलं हाय का आजी म्हनून?"

तुमचे आजोबा शेजारी पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. मला मात्र हैदराबादला पोचायचंच होतं. कारण सांगता येत नव्हतं, आणि ते शोधत बसायची मला गरजही वाटली नाही.

नरखेडकडे पाहुण्याला आणखी एक दिवस ठेवून घ्यायचं असलं, की त्याची चप्पल लपवतात. पाहुणा शोधतो, घरचे सगळे शोधायला मदत करतात, तोवर एसटी निघून जाते. पाहुण्याने रागवायचं नसतं. जाऊबाईंनी ही रीत सायकलला लावली. सीटखालचा चिमटा सैल केला की सीट हातात येते, हे त्यांनी अंगणात बसून नीट पाहून ठेवलं होतं.

पहाटे मी सायकल काढली. तिची सीट जागेवर होती. म्होरके मात्र आपल्या सायकलीपाशी उभे होते आणि तिला सीट नव्हती.

"कल शाम को तो थी," ते म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या जाऊबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"थे तुही नोहोय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही."

"सगळ्यात चकाचक थेच होती. म्हनून मले वाटलं तुहीच असन."

"माझी पुसायला वेळ मिळाला नाही."

"थ्याच्यात माही का चूक?"

त्यांनी डोक्यावर पदर घेतला, गव्हाच्या कोठीतून सीट काढली, पुसली आणि म्होरक्यांच्या हातात दिली. "घ्या. गव्हात होती. कीड नाही लागली."

सीट बसवून होईपर्यंत साडेपाच वाजून गेले होते. नियमाप्रमाणे म्होरक्यांनी घरी जायला हवं होतं. शेवटी भिंतीला पाय टेकवणारे गृहस्थ म्हणाले, "सर, टाइम हो गया."

म्होरक्यांनी घड्याळ पाहिलं. "आज से छह बजे निकलेंगे," ते म्हणाले.

सहालाही निघालो नाही, कारण जाऊबाईंनी तेवढ्यात पोहे टाकले होते. निघताना त्या मला म्हणाल्या, "जाय. पन रोज फोन कर. ट्रकवाल्याचा नाही, तुहा आला पायजे."

मी हैदराबादला पोचले. त्यानंतर वेळेवरून कोणालाही घरी पाठवलं गेलं नाही. आमच्यातल्या काहींचे गुडघे गेले, एक-दोघे स्वतःच गेले. सहा जण अजून सायकल चालवतात. त्यांत मी आहे.