मार्करची हार

"सोडली त्यानं," असं म्हणून मार्कर उजवं मनगट हवेत हलकेच फिरवत. जणू हातात रॅकेट आहे आणि चेंडू मुद्दाम जाळीत घालायचा आहे. कोळवणच्या एस.टी. थांब्यावर हे मनगट फिरलं की समजावं, विलायतेत कुणीतरी बडा खेळाडू जिंकला.

मुळशीच्या भातखाचरांचा आणि विलायतेच्या टेनिसचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. शाळेवर नवा मास्तर म्हणून हजर झालो तेव्हा मीही विचारलं होतं. संबंध एवढाच, की दोन्हींचा हंगाम एक. इकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की तिकडे स्पर्धा सुरू होई. आणि मधे मार्कर होते. पुण्याच्या कॅम्पातल्या एका क्लबात त्यांनी वीस वर्षं नोकरी केली होती. ज्या साहेबाला जोडीदार मिळाला नसेल त्याच्याशी टेनिस खेळणं, हे मार्करचं काम. आणि त्याच्याशी हरणं, हेही. नोकरी सुटल्यावर ते एक जुनी रॅकेट आणि ती वाकू नये म्हणून लावायची स्क्रूची लाकडी चौकट घेऊन गावी परतले. खरं नाव लोक विसरून गेले होते.

"नुसतं हरून चालत न्हाई, मास्तर," ते मला सांगत. "सायबाला घाम फुटला पायजे. पाच-पाचपत्तुर न्यायचं, आन् मग आसं सोडायचं की त्याला वाटावं, आपुनच मारलं. लई बारीक काम हाय."

त्यामुळे जगातला प्रत्येक सामना त्यांच्या लेखी साहेब आणि मार्कर यांच्यातला. वर्तमानपत्रात ज्यांना आधीच पहिला, दुसरा असे नंबर दिलेले असत, ते साहेब. उरलेले सगळे मार्कर. साहेब जिंकला तर "सोडली त्यानं." आणि एखाद्या बिननंबरी गड्यानं पहिल्या नंबरला लोळवलं, तर ते कपाळाला हात लावून म्हणत, "गेली ह्याची नोकरी!"

हळूहळू सगळ्या खोऱ्याला हे वेड लागलं. वर्तमानपत्र दुपारच्या गाडीनं एक दिवस शिळं होऊन येई. कंडक्टर पौड सोडल्यापासून ते वाचत असे आणि गाडी थांबायच्या आत दारातून ओरडे, "पयल्या नंबरचा गेला!" खाचरात वाकलेली इरली एकदम सरळ होत. पाटलांना मात्र हे सोसत नसे. पोळ्याला त्यांची बैलजोडी सगळ्यांच्या पुढे निघायची. मान म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं.

"नंबर दिल्यावर हरवत्यात म्हंजी काय?" ते मला दटावत. "ह्याचा आजा खेळत हुता का?"

"माहीत नाही, पाटील."

"मग ह्याला नंबर दिला कुणी?"



अशात पुण्याच्या एका बॅरिस्टरसाहेबांनी नदीपलीकडे जमीन घेऊन बंगला बांधला. ते त्याच क्लबाचे सभासद. मार्कर त्यांच्याशी पंधरा वर्षं न चुकता हरले होते. भाताची कामं उरकल्यावर साहेबांचा निरोप आला: येत्या रविवारी एक सेट खेळू.

मैदान करायचं काम गावानं अंगावर घेतलं. जमीन सपाट करायची एकच रीत गावाला माहीत होती, ती म्हणजे खळ्याची. पाणी मारून चोपली, शेणानं सारवली आणि सवयीनं मधोमध मळणीच्या बैलांचा खांबही रोवून टाकला. मार्कर डोक्याला हात लावून बसले. "ऱ्हाऊ द्या की, जाळी बांधाया हुईल," लोक म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी मार्कर शाळेत आले. चौकटीचे स्क्रू सैल करून त्यांनी रॅकेट बाहेर काढली.

"मास्तर, उद्या सोडायची न्हाई."

"का?"

"वीस वर्सं सोडली. पन खरंच जिकलो आस्तो का, त्ये माजं मलाच ठावं न्हाई. मरायच्या आदी येकदा कळाया पायजे."

रविवारी खोरंच्या खोरं लोटलं. पाटलांना पहिली खुर्ची मिळाली. साठीला आलेले मार्कर धोतराचा काचा मारून उतरले आणि बघता बघता पाच-दोननं पुढे गेले. टोप्या उडाल्या. मग त्यांना धाप लागली. साहेब दहा वर्षांनी लहान होते, ते सावरले. पाच-तीन, पाच-चार, पाच-पाच. लोक एकमेकांना कोपरं मारू लागले. "पाच-पाच झालं! आता बग कसा सोडतोय."

शेवटचा चेंडू अगदी सोपा आला. मार्करनी सगळा जीव लावून रॅकेट फिरवली. चेंडू जाळीत गेला. सात-पाच.

साहेबांनी येऊन खांद्यावर हात ठेवला. "वा! किती बेमालूम सोडतोस रे अजून! क्लबातसुद्धा मला कळायचं सगळं, पण सांगतो कुणाला?"

मग काय विचारता! लोकांनी मार्करना खांद्यावरच घेतलं. पाटील सगळ्यांत खूश. "रीत राखली गड्यानं," ते म्हणाले. वरून मार्कर काहीतरी ओरडून सांगत होते, पण हलगीपुढे कोण ऐकतो? खाली उतरवल्यावर ते तडक माझ्याकडे आले.

"मास्तर, सोडली न्हाई. जीव तोडून खेळलो. खरंच हरलो मी."

"हो, हो," मी म्हणालो आणि डोळा मारला.

मग रॅकेट चौकटीत घालून त्यांनी चारही स्क्रू आवळले. नोकरीत मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्या डोळा मारण्याची लाज काही केल्या जात नाही. त्यांचं फक्त एका माणसानं खरं मानायला हवं होतं, आणि तो माणूस म्हणून त्यांनी मला निवडलं होतं.

पुढच्या आवणीत पेपरात आलं, की पहिला नंबर एका अनोळखी गड्याशी पाच सेट झुंजून जिंकला. सगळे मार्करच्या मनगटाकडे बघू लागले. मनगट हललं नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "हरला त्यो. खरा हरला."

"मारकर म्हातारा झाला," पाटील हसले आणि स्वतःच मनगट फिरवून म्हणाले, "सोडली त्यानं."

नंतर माझी रिहे गावच्या शाळेवर बदली झाली. मार्कर गेल्याचं कळलं तेव्हा मी दहाव्याला नदीवर गेलो. लोकांनी पिंडाशेजारी रॅकेट ठेवली होती, चौकटीसकट. साठ-सत्तर माणसं गोळा झाली होती. "आसा खेळाडू हुनं न्हाई," कंडक्टर म्हणाला. "जल्मात येकदाबी हरला न्हाई. सगळ्या सोडल्या."

"एकदा हरले," मी म्हणालो. "जीव तोडून खेळले आणि हरले. मी पाहिलंय."

मग पाटलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, गेलेल्या मानसाबद्दल आसं बोलू नये."