ऑलेरनशॉसाहेबांची शिट्टी

कथबर्ट ऑलेरनशॉ यांनी आयुष्यात नऊ संगीत नाटकं रचली आणि त्यांतला एक सूरही कागदावर लिहिला नाही. रॉचडेलच्या कापडवाल्याचा हा मुलगा चर्चमधल्या ऑर्गनचा भाता मारता मारता तीन स्वर शिकला आणि तेवढ्यावर लंडनला गेला. तिथे त्याचं एक गाणं चाललं. मग तेच गाणं कधी हळू, कधी जलद, कधी खलाशाच्या कपड्यात असं नऊ वेळा चाललं. दाढी मात्र त्याने पहिल्याच खेपेला थोर संगीतकाराला शोभेल अशी बेतशीर कातरून घेतली होती.

साहेब तोंडाने शिट्टी वाजवायचे. ती ऐकून लिहायची, बेसूर असेल तिथे सरळ करायची, वाद्यांना वाटून द्यायची ती पियानोवाली हेस्टर पिम. सात वर्षं. आयत्या बिळावर नागोबा, तोही दाढीवाला!

"या खेपेला खेळाच्या पत्रिकेवर माझ्या नावाखाली तुमचं नाव," साहेबांनी वचन दिलं होतं. लंडनच्या आधी ब्लॅकपूलला पहिला खेळ होता. त्या सकाळी पत्रिका आली. संगीत: कथबर्ट ऑलेरनशॉ. शेवटच्या पानावर, हातमोज्यांच्या जाहिरातीखाली: पियानोची देखभाल, मिस पिम.

"हे काय, साहेब?"

"अहो, नाव आलं ना? जागा जरा इकडची तिकडे."

हेस्टरने पत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली.

तेवढ्यात थिएटरचा व्यवस्थापक गॅदरकोल तालीम थांबवून ओरडला, "दुसऱ्या अंकाचा हा शेवट आहे की अंत्ययात्रा? नवं गाणं हवंय. आत्ता!"

साहेब रंगमंचाच्या मधोमध गेले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. आजवर ते हेस्टरच्या खोलीतच शिट्टी वाजवत. थिएटरात यायचे ते वाकून टाळ्या घ्यायला. वर बसून पडद्यांचे दोर सांभाळणारे सगळे जुने खलाशी, त्यांना शिट्टी म्हणजे दोर सोडायचा इशारा. त्यांतल्या जेबेझ टॉरडॉफने दोर सोडला आणि पडद्यावर रंगवलेलं अख्खं व्हेनिस साहेबांच्या नाकापुढे धाडकन उतरलं.

"कोण रे तो शिट्टीवाला?" जेबेझ वरून गरजला. "नऊ नाटकं केली आणि एवढंही कळंना? व्हा बाहेर!"

थिएटरात शिट्टी अशुभ; ती वाजवणाऱ्याने बाहेर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, दार ठोठावायचं, आणि आतल्यांनी बोलावलं तरच यायचं. साहेब गेले.

"पिमबाई, तुम्हीच वाजवा काहीतरी," गॅदरकोल म्हणाला.

हेस्टरने स्वतःची एक चाल वाजवली. कोरसच्या पोरी गुणगुणू लागल्या, पाय ठेका धरू लागले. तिने झाकण बंद केलं.

"पुढचं?"

"माझं नाव पत्रिकेवर आलं की."

"अहो बाई, पत्रिका छापून झाली!"

"मग आत चिठ्ठी घाला."

"चिठ्ठी नट आजारी पडला तर घालतात."

"मग संगीतकार आजारी आहे म्हणून छापा."

बाहेरून टकटक झाली. "येऊ का आत?"

"अजून एक गिरकी राहिली, साहेब!" जेबेझ ओरडला.

गॅदरकोलने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पियानोच्या झाकणाकडे, आणि छापखान्यात माणूस पिटाळला.

संध्याकाळी प्रत्येक पत्रिकेत चिठ्ठी होती: दुसऱ्या अंकाच्या शेवटाचं संगीत, हेस्टर पिम. प्रेक्षकांनी तो शेवट दोनदा परत मागितला. वाकायला अर्थातच साहेब आले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला साहेब सगळ्यांना सांगत होते, "पोरीला म्हटलं, घे, तुला देतो ही चाल. आपण मोठं मन ठेवावं."

हेस्टरने टोस्टला लोणी लावलं. "साहेब, त्या चालीची पहिली ओळ जरा गुणगुणून दाखवता?"

साहेबांना एकाएकी ताटातल्या माशात फारच काटे दिसू लागले.