आबांची डॉज आणि माझी साक्ष

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. कसं सांगावं — आधी गाडीचंच सांगते.

माझ्या सासऱ्यांची, आबांची, जुनी अमेरिकन डॉज होती. फुगीर बॉनेटची, दणकट. शिंदखेड्यात तेव्हा अँबॅसिडर होत्या, फियाट होत्या, नव्या मारुतीही दिसू लागल्या होत्या. डॉज मात्र एकच. मला शेजारच्या गावच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा सून एकटी एसटीने जाणार म्हणून सासूबाई अडून बसल्या. आबा म्हणाले, मी सोडीन. रोज सोडत राहिले.

वाटेत ते आवाजावरून गाड्या ओळखायचे. ही फियाट, ही विलीज जीप, ही लँडमास्टर असणार. मला कौतुक वाटायचं. मग एकदा समोरून आलेल्या पांढऱ्या अँबॅसिडरला ते काळी म्हणाले — आणि माझ्या लक्षात आलं. आबांना नीट दिसत नव्हतं.

घरी सांगायला नको होतं का? पण गाडी थांबली असती, म्हणजे माझी नोकरीही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला कळलंय, हे आबांनाही कळलं. मग ते विचारायचे, “पोरी, पुढे काय शे?” मी सांगायची — बैलगाडी, वळण, बकऱ्या. वर्षभर असंच चाललं. मला त्यात गंमतही वाटायला लागली होती. हो, गंमत.

त्या सकाळी मी मांडीवर उत्तरपत्रिका तपासत होते. आबांनी विचारलं ते मला ऐकू आलं नाही — नाही, खोटं कशाला — आलं होतं. एवढा पेपर संपवते आणि बघते, असं मनात म्हटलं. समोर सायकल होती. सायकलीला कुठला आलाय इंजिनाचा आवाज?

दूध घालणारा भिका होता तो. त्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

माणसं जमली, पोलीस आले. आबा स्टिअरिंग धरून तसेच बसलेले. कुणी विचारायच्या आत मीच बोलले — तो एकदम आडवा आला. शाळेच्या बाईंवर कोण अविश्वास दाखवणार? आबांनी फक्त माझ्याकडे तोंड वळवलं. घरी आल्यावर एकदाच म्हणाले, “पोरी, तू काब्र बोलनी नही?”

का बोलली नाहीस.

त्यांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही. मी एसटीने जायला लागले. कुणीही अडवलं नाही. त्यासाठी — एवढ्यासाठी मी सगळं झाकलं होतं?

आबा गेले, त्यानंतर भिका कुबडीवर शाळेत आला, मुलीचं नाव घालायला. तो आडवा आला, तो आडवा आला, असं गावाने त्याला इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्यालाही ते पटलं होतं.

“मनीच चूक व्हई, बाई,” तो खाली बघत म्हणाला. “माले काई याद नही.”

तो माफी मागत होता. माझी.

मी मान हलवली. असू दे, म्हटलं.